पातेल्यातला थर्मोस्टॅट

गाडीच्या इंजिनातला थर्मोस्टॅट शहाणा आहे की बिघडला, हे गॅसच्या शेगडीवर कळतं. इंजिन पूर्ण थंड असताना तो काढायचा आणि पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगायचा. तळाला टेकू द्यायचा नाही, कारण तळ पाण्याहून जास्त तापतो. शेजारी थर्मामीटर. (पातेलं टाकाऊच घ्या, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं.)

थर्मोस्टॅटच्या अंगावर बहुधा उघडण्याच्या तापमानाचा आकडा कोरलेला असतो, समजा ८२ अंश. पाणी सत्तरीत जातं, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची वाट अडवणारी त्याची झडप गच्च बंद. पंच्याहत्तर, ऐंशी, तरीही ढिम्म. आणि मग ८२ च्या आसपास ती कडेने हळूच सुटू लागते. ना वायर, ना सेन्सर, ना बॅटरी. मग तापमान ओळखलं कोणी?

मेणाने! पितळी डबीत तांब्याची पूड मिसळलेलं मेण ठासून भरलेलं असतं. तांब्यामुळे उष्णता झटकन आतवर पोचते. ठरल्या तापमानाला मेण वितळतं, फुगतं, आणि डबी बंद असल्याने रबरी पडद्याआडून पोलादी दांडी बाहेर रेटतं. दांडीचं दुसरं टोक चौकटीत अडकलेलं, म्हणून डबीच मागे सरकते आणि झडप उघडते. निवल्यावर स्प्रिंग तिला पुन्हा मिटवते. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी ही युक्ती घडवली.

एक गंमत. ८२ चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडायला साधारण ९५ अंश लागतात, ८८ च्याला शंभरीच्या आसपास. महाबळेश्वरात पाणी साडेपंचाण्णवच्या सुमारास उकळतं. तिथे ८८ चा अर्धवटच उघडला, तर दोष उंचीचा. गाडीत हा प्रश्न येत नाही; तिथलं कूलंट दाबाखाली असतं, शंभरीपलीकडेही उकळत नाही.

पाणी उकळूनही झडप जागची हलली नाही, तर गाडीत इंजिन तापणारच. गार पाण्यातही ती उघडीच असेल, तर इंजिन तापायला फार वेळ घेतं आणि पेट्रोल जास्त पितं. आपल्याकडे हवाच गरम, म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाका, असा सल्ला काही गॅरेजांत मिळतो. मला तो पटत नाही; सकाळी गार पडलेल्या इंजिनाला झटपट ऊब इथेही हवीच असते.

काही नव्या गाड्यांत मेणाजवळ विजेचा छोटा हीटर असतो आणि त्याशिवाय झडप १०० च्या वरच उघडते. असा थर्मोस्टॅट पातेल्यात कितीही उकळला तरी उघडणार नाही. त्याला नापास करण्याआधी आकडा वाचा.