वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर : आहाराची मात्रा आणि मनाची काळजी

गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीच्या, नात्यातल्या किंवा कचेरीतल्या कुणीतरी "पोटाचे ऑपरेशन करून वजन कमी केले" असे आपण ऐकतो. पूर्वी ही गोष्ट फक्त श्रीमंतांची समजली जाई. आता नोकरदार, शिक्षक, गृहिणी असे सर्व थरांतले लोक ही शस्त्रक्रिया करून घेताना दिसतात. परंतु त्यानंतर घरी आल्यावर काय खावे, किती खावे आणि मनात येणाऱ्या शंकांचे काय करावे, याची नीट माहिती फार थोड्यांना असते. इस्पितळातून मिळालेला कागद कपाटात जातो आणि शेजारपाजारच्या सल्ल्यावर संसार चालतो. प्रस्तुत लेखात सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत ही माहिती मांडण्याचा प्रयत्न केला आहे. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

या शस्त्रक्रियांना 'बॅरिअॅट्रिक सर्जरी' म्हणतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराला वळसा देणारी, म्हणजे 'गॅस्ट्रिक बायपास' पद्धती प्रथम वापरली. आज दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. 'बायपास' पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते.

केवळ जागा कमी झाल्यामुळेच वजन उतरते असे नाही. जठराच्या वरच्या भागात 'घ्रेलिन' नावाचे भूक लावणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी त्याचा शोध १९९९ साली लावला. स्लीव्हमध्ये हाच भाग काढला जात असल्याने सुरुवातीचे काही महिने भूक फारशी लागत नाही. हा काळ मोलाचा असतो. नवी सवय लावून घ्यायची ती याच काळात.

मात्रेचे टप्पे

शस्त्रक्रियेनंतर जठराला टाके असतात. ते भरून येण्यासाठी आहार पायरीपायरीने वाढवितात. इस्पितळागणिक थोडा फरक असतो, पण साधारण क्रम असा :

पहिले एक-दोन दिवस पाणी व गाळलेले पातळ पदार्थ, तेही घोटघोट. पुढे सुमारे दोन आठवड्यांपर्यंत ताक, साय काढलेले दूध, वरणाचे गाळलेले पाणी, सूप. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले मऊ पदार्थ : घोटलेले वरण, मऊ अंडे, दही. त्यानंतर साधारण दुसरा महिना संपेपर्यंत चमच्याने कुस्करता येईल असे अन्न. मग हळूहळू घरचे नेहमीचे जेवण.

प्रमाणाचे म्हणाल तर प्रारंभी एका वेळी दोन ते चार मोठे चमचे पुरतात. तीन महिन्यांच्या सुमारास अर्धी वाटी आणि वर्षभराने सर्व पदार्थ मिळून एक ते दीड वाटी, असा ढोबळ अंदाज धरावा. ताटात वाढून मग कमी खाण्यापेक्षा ठरलेल्या एकाच लहान वाटीत जेवण घ्यावे. नजरेला वाटी भरलेली दिसते आणि हिशेबही चुकत नाही.

घास कसा घ्यावा?

चहाच्या चमच्याने खावे. प्रत्येक घास वीस-तीस वेळा चावावा. जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. त्याहून अधिक लांबविले की नकळत जास्त जाते. छातीखाली दाब वाटणे, उचकी येणे, एकाएकी नाक गळू लागणे या पोट भरल्याच्या खुणा आहेत. त्या ओळखून तिथेच थांबावे. "एवढा एकच घास" म्हणून घेतलेला घास बहुधा उलटीवाटे बाहेर येतो.

जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतरही निदान अर्धा तास थांबावे. मात्र दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोटघोट पोटात गेलेच पाहिजे. सोडायुक्त शीतपेये टाळावीत. भाताचा गोळा, पाव, ताजी मऊ पोळी आणि कोरडे मटण-चिकन हे पदार्थ अडकतात असा पुष्कळांना अनुभव येतो. भाकरी खायचीच असेल तर ती वरणात किंवा रश्शात चांगली भिजवून, चावून खावी.

आधी प्रथिने

वाटी लहान आहे, म्हणून तिच्यात काय घालायचे याला महत्त्व आहे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे तज्ज्ञ सांगतात. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६-७ ग्रॅम, १०० ग्रॅम मासळीतून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. नुसत्या पातळ वरणावर हा आकडा गाठणे अशक्यच. म्हणून अंडी, मासे, चिकन, पनीर, सोयाबीन, घट्ट डाळ आधी खावी, मग भाजी आणि जागा उरल्यास भात किंवा भाकरी. आपल्याकडे ताटाचा क्रम उलटा असतो : भात-भाकरी पोटभर आणि कालवण तोंडी लावण्यापुरते. हा क्रम बदलणे हेच खरे अवघड काम आहे. सुरुवातीला बहुतेकांना आहारतज्ज्ञ प्रथिनांची पावडर सुचवितात.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्वांची. लोह, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि बी-१२ यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात. बायपासमध्ये लोह आणि कॅल्शियम शोषणारा आतड्याचा भागच टाळला जातो, तर बी-१२ शोषण्यासाठी जठरातून येणारा घटक कमी पडतो. "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या बंद केल्यास परिणाम लगेच दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांनी रक्तक्षय आणि हातापायांना मुंग्या या रूपाने तो समोर येतो. बँकेच्या भाषेत बोलायचे तर खात्यातून रक्कम रोज थोडी थोडी वजा होत असते आणि पासबुक मात्र कुणी भरून घेत नाही. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करणे म्हणजे पासबुक भरून घेणे होय.

लहान पोटाला चकवणारे पदार्थ

लहान पोट अन्नाचे आकारमान अडविते, उष्मांक अडवीत नाही. चिवडा, फरसाण, बिस्किटे, आइस्क्रीम, गोड सरबत हे पदार्थ लहान जठरातूनही सहज पुढे सरकतात. येता-जाता तोंड चालविण्याची सवय लागली की वजन पुन्हा चढू लागते. शिवाय बायपासनंतर श्रीखंड, गुलाबजाम असे फार गोड खाल्ल्यास अर्ध्या तासाच्या आत पोटात मुरडा, घाम, धडधड, जुलाब असा त्रास होऊ शकतो. याला 'डम्पिंग' म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरते. मद्याबाबत तर विशेष सावध राहिले पाहिजे. या शस्त्रक्रियांनंतर, विशेषतः बायपासनंतर, ते रक्तात फार लवकर चढते, आणि अन्नाची जागा मद्याने घेतल्याची उदाहरणेही आढळतात.

मनातल्या काळज्या

"एवढ्याशा खाण्यावर मी जगेन का?" ही पहिली काळजी. प्रथिने, पाणी आणि गोळ्या नियमित असतील तर शरीर साठविलेल्या चरबीवर आपला खर्च चालविते. तेच तर अपेक्षित आहे.

"केस गळू लागले." तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास हे पुष्कळांना होते. वजन झपाट्याने उतरल्याचा तो परिणाम असून बहुधा काही महिन्यांत केस पुन्हा येतात. प्रथिने आणि लोह मात्र तपासून घ्यावे.

"वजन उतरायचे थांबले." वजन सरळ रेषेत उतरत नाही, मध्येच आठवडे-दोन आठवडे काटा हलत नाही. पहिल्या सहा महिन्यांत वेग जास्त, दीड वर्षापर्यंत कमी आणि पुढे स्थिरता, अशी साधारण चाल असते. दोन वर्षांनंतर थोडे वजन परत येणे हेही नेहमीचेच. रोज काट्यावर उभे राहून मन जाळण्यापेक्षा आठवड्यातून एकदा वजन करावे.

"पोट भरले, पण मन भरत नाही." ही सर्वांत खोल काळजी. शस्त्रक्रिया जठरावर होते, मनावर होत नाही. दुःखात, एकटेपणात, कंटाळ्यात खाण्याचा आधार घेणाऱ्याचा तो आधार एकाएकी काढून घेतला जातो. त्या जागी चालणे, वाचन, माणसांशी बोलणे असे दुसरे काही उभे करावे लागते. उदासी हटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे ताबडतोब जावे. त्यात कमीपणा नाही.

काही लक्षणे मात्र काळजी म्हणून मनात ठेवायची नसतात. पाणीही न टिकणे, सतत उलट्या, ताप, धडधड, तीव्र पोटदुखी, काळी शौच यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बरेच दिवस उलट्या होऊन नंतर चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे, गोंधळल्यासारखे होणे ही बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण असू शकते. तिथे उशीर परवडत नाही. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे, वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत आणि स्त्रियांनी निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी.

घरच्यांचे आणि समाजाचे काम

आपल्या समाजात अन्नाला फार मोठा अर्थ आहे. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढले, त्या आई-आजीला लेकीच्या पुढ्यात अर्धी वाटी पाहून गलबलून येते. "ताटात टाकू नये" हा त्यांच्या भुकेने शिकविलेला धडा आहे. त्याला हसू नये. तिला समजावून सांगावे की मुलगी उपाशी नाही, तिचे माप बदलले आहे. उरले तर टाकण्याऐवजी मुळातच कमी वाढावे, म्हणजे दोघींचेही मन राखले जाते. लग्नात, बारशाला, जयंतीच्या भोजनाला आग्रह करणाऱ्यांनी एकदा "नको" ऐकले की थांबावे. "किती वाळलीस, आजारी आहेस काय?" किंवा "ऑपरेशन करून बारीक होण्यात काय मोठेपणा?" असली वाक्ये जखमेवर मीठ चोळतात.

या बाबतीत संयुत्त निकायातील कोसलनरेश प्रसेनजिताची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत आलेल्या राजाला भगवंतांनी दोष दिला नाही, भोजनातील मात्रा जाणण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावून रोज जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम दिले आणि त्याबद्दल नित्य शंभर कार्षापण ठरविले. हळूहळू राजाचा आहार एका नाळीच्या मापावर आला. राजालाही आठवण देणारा माणूस लागला आणि माप एका दिवसात उतरले नाही, या दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. घरातल्या एकाने सुदर्शन व्हावे : टोमणा न मारता, जेवणाच्या वेळी सोबत बसून.

विद्यार्थ्यांसाठी आणि खर्चाविषयी

वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, काढणे सोपे आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.६० मीटर व वजन ९० किलो असेल तर ९० भागिले २.५६, म्हणजे सुमारे ३५. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि निर्देशांक ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ पासून पुढे असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असून साधे उपाय निष्फळ ठरले असल्यास, या शस्त्रक्रियेचा खर्च वर्ज्य धरला जात नाही. प्रतीक्षाकाळ आणि इतर अटी आपल्या पॉलिसीत वाचून पाहाव्यात. गोळ्या, पावडर आणि तपासण्यांचा खर्च मात्र पुढे कायम चालू राहतो. तो आधीच घरच्या अंदाजपत्रकात धरावा. कर्ज काढून शस्त्रक्रिया करायची आणि मग गोळ्यांना पैसे नाहीत, असे होता कामा नये.

लठ्ठपणा हा आळशीपणाचा पुरावा नाही आणि शस्त्रक्रिया ही पळवाट नाही. तो एक आजार आहे व हा त्यावरचा एक उपचार आहे. उपचाराचा पहिला दिवस शल्यविशारदाचा असतो. पुढचे सर्व दिवस रुग्णाचे, त्याच्या लहान वाटीचे आणि त्याच्या शेजारी बसून जेवणाऱ्या माणसांचे असतात.