हॉल तोच, फक्त सामान हलवलं

ईदला नवीन सोफा घ्यायचा, असं घरात ठरलंच होतं. पण तेवढ्या पैशांत मुलीच्या क्लासची फी निघते. म्हणून आधी आहे तेच सामान हलवून पाहिलं. आमचा हॉल 10 बाय 12 चा. खिडकी अडवणारी शोकेस आतल्या भिंतीला नेली, तर दुपारी ट्यूबलाइट लागेना. खिडकीशी आता मुलीचं अभ्यासाचं टेबल आहे. टीव्ही खिडकीसमोर ठेवू नका, काचेवर उजेड चमकतो. टीपॉय काढूनच टाकला. अम्मीचा गुडघा रोज त्यावर आपटायचा. तिथे आता दोन जानमाज आरामात अंथरता येतात. जड कपाट आधी रिकामं करा, पायांखाली जुनं गोणपाट घालून सरकवा. बाहेरच्या भिंतीला मात्र चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. पावसाळ्यात तिथेच ओल धरते.