फलक आणि फावडं

देवळालीच्या रेंजवर सराव सुरू असला की तोफांचा आवाज भगूर, विहितगावपर्यंत सहज पोचतो, आणि इथलं कुणी मान वर करूनही पाहत नाही. फाळणीनंतर तोफखान्याचं शिक्षण देणारी शाळा काकूलहून देवळालीला आली. नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र आहे. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, पुढे तिथेच सुखोई तयार होऊ लागली. मुलांना लष्करी शिक्षण मिळावं म्हणून डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला शाळा काढली, तीही याच शहरात. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल लष्कराच्या पगारावर नाहीतर पेन्शनवर पेटते. अशा गावात ‘युद्ध नको’ असा फलक घेऊन चौकात उभं राहणं सोपं नाही. मी ते अनेक वर्षं करत आले आहे. आणि पूर आला, भूकंप झाला की फावडं, घमेली आणि धान्याची पोती घेऊन जाणाऱ्यांतही असते. फावडं हातात असलं की लोक पाणी देतात, बसायला सतरंजी टाकतात. फलक हातात असला की तीच माणसं तोंड फिरवतात.

एक गोष्ट मला या सगळ्या काळात अधिकाधिक पटत गेली. ही दोन कामं वेगळी नाहीत. मदतकार्यात जे डोळ्यांनी पाहिलं, तेच मला युद्धाविरुद्ध उभं करतं. महाराष्ट्रात या दोन्ही कामांची जुनी वाट आहे. आज ती फारशी कुणाला आठवत नाही, म्हणून हा आढावा.

दुसरं महायुद्ध सुरू होऊन महिना झाला होता. २ ऑक्टोबर १९३९ या दिवशी मुंबईच्या सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाच्या विरोधात एक दिवस गिरण्या बंद ठेवल्या. जगातल्या पहिल्या युद्धविरोधी संपांमध्ये त्याची गणना होते. पुढच्याच वर्षी युद्धविरोधी आंदोलनासाठी गोदावरी परुळेकर तुरुंगात गेल्या. वारल्यांमधलं त्यांचं काम सर्वांना ठाऊक असतं, त्याआधीचा हा तुरुंगवास मात्र क्वचितच सांगितला जातो. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. युद्धाला पैसा देऊ नका, माणूस देऊ नका, एवढंच बोलायचं आणि अटक करून घ्यायची. त्याच काळात नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर तरुणांना सैन्यात भरती व्हा असं सांगत होते. म्हणजे हा वाद आपल्याकडे बाहेरून आलेला नाही, तो आपल्या अंगणातला आहे.

या परंपरेत धरसोडही झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे. जून १९४१मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि काही महिन्यांत कम्युनिस्टांसाठी तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ झालं. फॅसिझमला अडवायला हवं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण कालपर्यंत युद्धविरोधासाठी तुरुंगात गेलेल्यांना हे वळण पचवणं किती जड गेलं असेल, याचा विचार मी अनेकदा करते. आणि त्याच माणसांनी १९४३ साली बंगालच्या भुकेल्यांसाठी गावोगाव फिरून गाणी, नाटकं करत पैसा आणि धान्य गोळा केलं, हेही तितकंच खरं.

बंगालचा तो दुष्काळ इथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. जपानी सैन्य समुद्रमार्गे आलं तर त्याच्या हाती काही लागू नये, म्हणून इंग्रज सरकारने १९४२ साली किनारपट्टीवरच्या हजारो होड्या काढून घेतल्या, मोडल्या. त्या होड्यांवरच तिथली मासेमारी, धान्याची ने-आण, बेटांवरची शेती चालत होती. जपानच्या ताब्यात गेलेल्या ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, युद्धखर्चाने भाव भडकले, आणि भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर सर्वांत आधी रस्त्यावर येऊन मेले. वीस ते तीस लाख माणसं गेली असा अंदाज आहे. बंगालवर फौजा चालून आल्या नव्हत्या. तरीही त्या माणसांना युद्धानेच मारलं. आपत्ती आणि युद्ध यांची खाती वेगळी ठेवता येत नाहीत, असं मी म्हणते ते यामुळे.

स्वातंत्र्यानंतरचा माझ्या मनातला सर्वांत मोठा प्रसंग शंकरराव देवांचा आहे. १९६२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध झालं, आपण हरलो, देश दुखावलेला होता. घराघरांतून स्त्रियांनी संरक्षण निधीला दागिने दिले. अशा वेळी, १ मार्च १९६३ रोजी, दिल्लीच्या राजघाटावरून पेकिंगकडे पायी निघालेल्या मैत्रीयात्रेचं नेतृत्व शंकररावांनी केलं. हा कुणी हौशी माणूस नव्हता. काँग्रेसचं सरचिटणीसपद त्यांनी सांभाळलं होतं, घटना समितीत ते होते, संयुक्त महाराष्ट्राच्या सुरुवातीच्या लढ्यातही होते. सत्तरीला टेकलेल्या वयात त्यांनी देशोदेशीच्या मोजक्या शांतिवाद्यांसोबत ही वाट धरली. इथे लोक त्यांना देशाशी बेइमान म्हणाले, तिकडे चीनने त्यांना साम्राज्यवाद्यांचे हस्तक ठरवलं. पाकिस्तानने पूर्व बंगालमधून जाऊ दिलं नाही, ब्रह्मदेशाने वाट नाकारली, चीनने व्हिसा दिला नाही. उत्तर भारत, बंगाल, आसाम असं चालत ही मंडळी लेडोपर्यंत पोचली आणि १९६४च्या जानेवारीत यात्रा तिथेच थांबली.

ती यात्रा फसली, असं म्हणतात. पेकिंग गाठायचं होतं, ते गाठलं नाही, या अर्थाने फसलीच. पण हरलेल्या, चिडलेल्या देशात गावोगाव जाऊन ‘चिनी माणूस आपला शत्रू नाही’ असं सांगायचं आणि शिव्या ऐकून पुढच्या गावी चालायला लागायचं, याला जे बळ लागतं ते मला अजूनही थक्क करतं. मराठी वाचकाला शंकररावांचं हे रूप जवळपास अनोळखी आहे. त्याची मला खंत वाटते.

चीनशी झालेल्या त्या युद्धाच्या आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ला, पानशेत धरण फुटलं होतं. धरणाचा बांध खचतोय हे कळल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं आणि पुण्याची कित्येक माणसं वाचली. पुढच्या वर्षी याच सैन्यातली पोरं पुरेशा गरम कपड्यांविना हिमालयात लढायला पाठवली गेली. ज्यांनी पुण्यासाठी पोती उचलली त्यांच्यासारख्यांनाच आपण अशा तयारीने मरायला पाठवलं, हा राग माझ्या मनात आहे. युद्धाला विरोध म्हणजे जवानाला विरोध, हे समीकरण मला कधीच मान्य झालं नाही.

किल्लारीच्या भूकंपाने माझं हे मत आणखी पक्कं केलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. नाशिकहून गेलेल्या एका ट्रकमध्ये आम्ही काही जण होतो. लातूर-उस्मानाबादकडची ती घरं म्हणजे दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गारवा राहावा, पावसात गळू नये म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर चढायचा. पिढ्यान् पिढ्यांची ती माती त्या पहाटे झोपलेल्यांवर आली. भिंतीतल्या दगडांना एकमेकांत गुंफणारं काही नव्हतं, त्यामुळे त्या आतून बाहेरून सुटल्या. सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास ८,००० माणसं गेली. वर पाऊस सुरू झाला होता. चितेला लाकूड हवं म्हणून पडक्या घरांचेच वासे-खांब ओढून काढावे लागत होते.

तिथे जवानांबरोबर काम केलं. तोंडाला ओला रुमाल बांधून ती पोरं ढिगाऱ्यात उतरत. एखादं लहान मूल हाताला लागलं की त्याला वर देऊन बाजूला जाऊन बसत, कुणाशी बोलत नसत, मग उठून पुन्हा उतरत. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढी. त्यांच्या हातांनी आणखी ढिगारे व्हावेत किंवा ती स्वतः कुठल्या ढिगाऱ्याखाली जावीत, असं कुठल्या आईला वाटेल? त्या दिवसांनंतर ‘युद्ध नको’ म्हणताना माझ्यासमोर तीच पोरं असतात.

मदतीबद्दलही तिथे बरंच शिकले. शहरांतून जुन्या कपड्यांचे ढीग आले, ते पावसात कुजले. ज्यांनी सगळं गमावलं त्यांना कुणाची फाटकी साडी नको होती. त्यांना ताडपत्री हवी होती, कंदील, भांडी, जनावरांना चारा, आणि शिधापत्रिका हरवली तरी धान्य मिळेल असा शब्द हवा होता. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. त्या कामाचं मोल पहिल्या आठवड्यात नाही, दहा-पंधरा वर्षांनी कळलं. गावं नव्याने बांधताना भूकंपाला टिकतील अशी घरं उभी राहिली. जमीन हलणं थांबवता येत नाही, म्हणून आपण भिंती सुधारतो. युद्ध तर माणसंच सुरू करतात आणि माणसंच थांबवू शकतात. ते थांबवण्याच्या कामाला मात्र आपण भाबडेपणा म्हणतो, याचं मला वाईट वाटतं.

मे १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, महिनाअखेरीस पाकिस्तानने चागाईत केल्या. देशभर पेढे वाटले गेले, फटाके वाजले. त्या दिवसांत नाशिकमध्ये आम्ही थोडे जण फलक घेऊन उभे राहिलो. देवळालीकडचे एक निवृत्त हवालदार येऊन थांबले.

“ताई, तुम्ही हे लिहिलंय, पण सीमेवर उभं कोण राहणार?”

“तुमचीच मुलं राहणार, काका. आमचं म्हणणं त्यांच्यासाठीच आहे.”

ते चिडले नाहीत. बराच वेळ १९७१च्या गोष्टी सांगत राहिले. त्यांचं मत मी बदललं नाही, त्यांनी माझं बदललं नाही. पण अणुबॉम्बपुढे तोफा आणि तोफची दोन्ही निरुपयोगी, हे त्यांनी आपणहून कबूल केलं.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. ९ जूनला गुजरातमध्ये कांडल्याला चक्रीवादळ धडकलं आणि हजारहून अधिक माणसं गेली. त्यांत मिठागरांत राबणारे, बाहेरून पोटासाठी आलेले मजूर मोठ्या संख्येने होते. वादळाचा इशारा हवामान खात्याकडे होता, मिठागरातल्या झोपडीपर्यंत तो पोचला नाही. पुढच्या वर्षी कारगिल झालं आणि ऑक्टोबरअखेर ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं दगावली. त्याच ओडिशाने नंतर निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले, आणि २०१९ला ‘फनी’ आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवून बळींची संख्या काही डझनांवर आणली. देशाची सुरक्षा कशाला म्हणायचं, असं कुणी विचारलं तर मी या दोन वादळांमधल्या वीस वर्षांकडे बोट दाखवते.

या काळात एका माणसाने आम्हाला फार धीर दिला. ॲडमिरल रामदास, १९९० ते १९९३ नौदलाचे प्रमुख. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ शेतीवर राहिले, अण्वस्त्रांना जाहीर विरोध केला आणि भारत-पाकिस्तानच्या लोकांमध्ये संवाद व्हावा म्हणून झटले. २००४ साली पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२४च्या मार्चमध्ये ते गेले. ज्याने आरमार सांभाळलं त्यालाच शांतता मागताना देशद्रोही म्हणणं अवघड जातं. त्या अवघडलेपणाचा आम्हाला फार उपयोग झाला.

नाशिकचा पूर वेगळा असतो. तो सांगून येतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते कळतं, आणि लोक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून अंदाज बांधतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं. १९६९चा पूर अजून जुन्या लोकांच्या बोलण्यात आहे. १९ सप्टेंबर २००८ला सराफ बाजार, भांडी बाजार पाण्याखाली गेले. पुढे २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्येही तेच. पण बातम्या रामकुंडाशी थांबतात. खाली निफाड तालुक्यात चांदोरी, सायखेड्याला, नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यात, पाणी घरांत शिरतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. तिथला गाळ काढताना कळतं की पूर सगळ्यांना सारखा नसतो. ज्याचं घर नदीला अगदी लागून आहे, त्याला दुसरीकडे जागा परवडली नव्हती, म्हणूनच ते तिथे आहे. युद्धातही सीमेलगतच्या गावांचं असंच असतं.

२५ जुलै २०२५ला गाझातल्या नरसंहाराविरुद्ध आझाद मैदानावर निदर्शनं करण्याची परवानगी मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. कचरा, प्रदूषण, सांडपाणी, पूर असे आपल्याच देशात पुष्कळ प्रश्न आहेत, त्यांवर बोला, अशा अर्थाची टिप्पणी खंडपीठाने केली. पुढे परवानगी मिळाली आणि ऑगस्टमध्ये ती सभा झाली. न्यायालयाचा मान राखून मला एवढंच सांगायचं आहे की पुराच्या गाळात मी ज्यांना पाहिलं, त्यांतलीच पुष्कळ माणसं गाझाबद्दल बोलतात. ढिगाऱ्याखालून मूल काढलेल्या माणसाला गाझातल्या खान यूनिसचा ढिगारा परका वाटू शकत नाही. किल्लारीत आमचा ट्रक कुणी अडवला नव्हता. गाझात पिठाचे ट्रक सीमेवर उभे करून ठेवले गेले आणि आत मुलं उपाशी मेली. मदतकार्य केलेल्या कुणालाही हे ऐकून झोप कशी लागावी?

त्या सभेनंतर महिनाभराने सीना नदीला पूर आला. सोलापूर, धाराशिव, बीडमध्ये सप्टेंबरच्या पावसाने उभं सोयाबीन नेलं, आणि काही ठिकाणी पिकाबरोबर मातीही. रेशनचं किट आठवडाभर पुरतं. खरडून गेलेल्या रानात पुन्हा गाळमाती आणून टाकायची तर ट्रॅक्टर, डिझेल आणि मजुरी लागते, बुजलेली विहीर उपसायची तर पंप आणि माणसं. पंचनाम्यात जमिनीचं नुकसान वेगळं लिहून घ्यावं लागतं, नाहीतर फक्त पिकाची भरपाई मिळते. कुळाने किंवा वाट्याने कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, त्याच्यासाठी कुणीतरी तहसीलमध्ये जाऊन बसावं लागतं. हे काम दोन-तीन खरीप तरी चालणार आहे आणि त्याला माणसं कमी पडत आहेत. ज्यांना आमचे फलक पटत नाहीत, त्यांनीही यावं.