गाण्यातला ‘मी’ कोणासमोर बोलतो?

आमच्या वऱ्हाडातल्या शिरपूरला जैनांच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला पार गुजरात-राजस्थानातून यात्रेकरू येतात. त्यांच्याशी गावातली पोरं हिंदी बोलतात, शाळेत सरांशी पुस्तकी मराठी, आणि दोघांच्याही तावडीतून सुटली की ‘काहून बे, कुठी चालला?’ कोणासमोर कोणती भाषा काढायची हे कोणी शिकवत नाही, तरी कोणी चुकत नाही.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पूर्वी मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो. यूट्यूबनं तो धंदा बुडवला, पण ऐकण्याची खोड गेली नाही. मोठ्या कंपनीचा हात डोक्यावर नसताना पोरं स्वतः लिहून, स्वतः गाऊन जी गाणी काढतात, त्यांना इंडी म्हणतात. अशा गाण्याचा अर्थ लावताना मी आधी एवढंच बघतो, की त्यातला ‘मी’ कोणासमोर उभा राहून बोलतोय.

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर घ्या. रॅपर म्हणून तो नाव लिहितो 100 आरबीएच. शंभर म्हणजे हिंदीत सौ, पुढची अक्षरं जोडली की झाला सौरभ. २०२३ साली ‘एमटीव्ही हसल’ या टीव्हीवरच्या रॅप-स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात तो देशभर दिसला. जात, गरिबी, आपल्या भागातलं जगणं हे त्याचे विषय, आणि बोली वऱ्हाडी. नाटक-सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुतेकदा हसवायलाच आणलेला असतो. इथे तोच माणूस माइक हातात घेऊन जाब विचारतो आणि समोरच्याला हसायची सोय ठेवत नाही. शब्दांचा अर्थ नंतर लावा. त्या मंचावर ती बोली काढणं हेच निम्मं म्हणणं झालं. मधेच तो हिंदीत शिरतो, त्यावर काही जण नाक मुरडतात. मला त्यात वावगं वाटत नाही. ज्याला सुनावायचं त्याला समजायला तर पाहिजे!

मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाचं २०१९ मधलं ‘द वारली रिव्हॉल्ट’ मराठी रॅप आणि आरेच्या जंगलातले आदिवासी कलाकार प्रकाश भोईर यांचा आवाज एकत्र आणतं. ज्याची जमीन जाते त्याचाच आवाज गाण्यात आहे, हे तिथे महत्त्वाचं.

मात्र नुसतं ‘बे’ आणि ‘भाऊ’ पेरलं म्हणजे गाणं आपल्या मातीतलं होत नाही. महागडे बूट आणि गाडी मिरवणारी वऱ्हाडी रॅपही दुकानात वाजतात. बोली इथली, मिजास दुसऱ्याची.

सौरभ आणि ‘स्वदेसी’च्या पोरांच्या कितीतरी आधी आपल्या माणसांचं दुःख गाण्यात मांडायचं काम करून गेलेला माणूस म्हणजे अण्णाभाऊ साठे. जन्म १९२० सालचा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा, मातंग समाजातला. शाळा जवळजवळ नाहीच, आणि मुंबईला आले ते पायी. शाहीर अमर शेख आणि शाहीर गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं आणि कामगारवस्तीतल्या मैदानांत गाणी नेली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड वरवर ऐकली तर विरहाची लावणीच वाटते. पोटासाठी मुंबईला आलेला नवरा, गावी राहिलेली बायको, तिचं रूप, निघताना तिचं रडणं. मग मुंबईतली श्रीमंती आणि मजुरांची गर्दी येते. शेवटी कवी सांगतो की तुटलेल्या महाराष्ट्राची गतही अशीच झाली आहे. बेळगाव, कारवार, निपाणी आपल्यापासून दूर राहिली आहेत.

म्हणून या गाण्याला सीमाप्रश्नाचं गाणं म्हणतात. ते खरंच आहे, पण मला ते अर्धं वाटतं. मैना गावी का राहिली, हे कोणी विचारत नाही. तिला कोणी सरहद्द आखून अडवलं नव्हतं. गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड करणं कित्येकांना जमत नव्हतं. चाळीच्या एकेका खोलीत कितीतरी पुरुष पाळीपाळीनं झोपायचे, खाणावळीत जेवायचे. भाषेचं दुःख अण्णाभाऊंनी या पगाराच्या दुःखावर बेतलं, उलट नाही. १ मे १९६० ला राज्य झालं, मुंबई मिळाली, बेळगाव-कारवार-निपाणी बाहेरच राहिली. आणि मुंबई मिळाली म्हणून गिरणीकामगाराची बायको काही दुसऱ्या दिवशी गाडीत बसली नाही.

चाकणच्या कंपनीत कंत्राटावर असलेला गावातला एक जण सणाला आला, तेव्हा फोनची काच बदलायला दुकानात बसला होता. बायको इथेच, सोयाबीन सोंगायला जाते. मी हे गाणं लावलं. बेळगाव आलं तेव्हा तो फोनच्या काचेकडेच बघत होता. त्याआधीचा भाग मात्र त्यानं परत लावायला सांगितला. मग विचारलं, ‘‘भाऊ, हा लिहिणारा कोन्या कंपनीत होता?’’

‘‘गिरणीत,’’ मी म्हटलं.

‘‘परमनंट?’’