निवड झालेला मुलगा मागे का पडतो?

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन राजुऱ्याच्या माझ्या दवाखान्यात आले. मुलगा १३ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी एका निवासी क्रीडा केंद्रात हॉकीसाठी त्याची निवड झाली, तेव्हा घरी पेढे वाटले होते. आता केंद्राचे पत्र आले होते : प्रगती असमाधानकारक, पुढील वर्षी ठेवणे कठीण.

"डॉक्टरसाहेब, पोरगं पहिल्यासारखं पळून नाही राहिलं. एखादं टॉनिक लिहून द्या," वडील म्हणाले. मुलगा खाली मान घालून बसला होता.

टॉनिक लिहिण्याआधी मी त्याला भिंतीशी उभे केले. उंची १५६ सें.मी. केंद्राच्या कागदावर निवडीच्या वेळची उंची १४१, त्यानंतरच्या वर्षी १४७. म्हणजे शेवटच्या एका वर्षात पोरगा ९ सें.मी. वाढला होता! पत्रात या गोष्टीचा उल्लेखही नव्हता.

मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाव्या वर्षी, मुलींची त्याच्या दोनेक वर्षे आधी. या काळात आधी हाडे लांब होतात, स्नायूंचे बळ काही महिन्यांनी मागाहून येते. पाय लांबतात, तोल बदलतो, सरावाची हालचाल चुकू लागते. हॉकीत तर कमरेत वाकून खेळायचे. चौकशी केली तेव्हा कळले की याच्या हातातली स्टिक दोन वर्षांपूर्वीचीच! पाठ दुखते म्हणत होता, त्यात नवल ते काय? गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबले की तो कळवळत होता. वाढीच्या वयात धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांत हे दुखणे नेहमी दिसते. धावणे काही आठवडे कमी केले की बहुधा आराम पडतो आणि वाढ संपली की दुखणेही संपते. मुलगा 'नाटक करतो' असे समजून त्याला आणखी पळवणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे.

एकाच वर्गातल्या १३ वर्षांच्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसरा अजून लहान पोर दिसतो. शरीराच्या वाढीत त्यांच्यात दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असते. शर्यतीत पहिला जिंकतो आणि आपण त्याला गुणी म्हणतो. त्यातून शालेय स्पर्धांचे वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. (आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकलेली कितीतरी माणसे आहेत, तो हिशेब वेगळाच.)

कॅनडात बर्फावरच्या हॉकीबद्दल १९८५ साली हीच गोष्ट दाखवली गेली : वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले फार जास्त. तिकडे मोठे संघ साधारण १८ वर्षांच्या मुलांची क्रमाने निवड करतात, तिला ड्राफ्ट म्हणतात. पुढे असे आढळले की वर्षाच्या शेवटी जन्मलेली मुले त्या क्रमात मागे राहतात, पण नंतरच्या खेळात आपल्या क्रमांकापेक्षा सरस ठरतात. रशियाचा पावेल दात्सुक १९९८ साली १७१ वा निवडला गेला. २०२४ साली त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले.

आपल्या राज्यात १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनी आहे. तिथे लहान वयातच उंची, वजन, ३० मीटर धावणे, शटल रन, मेडिसीन बॉल फेक, उडी, लवचिकता, ८०० मीटर अशा चाचण्या घेतात. चाचण्या चांगल्याच आहेत. पण त्यातून त्या दिवसाचे शरीर कळते. निवडीनंतर मुलगा कसा घडतो आहे हे पाहायचे तर त्याची तुलना शेजारच्या मुलाशी नको, त्याच्याच मागच्या आकड्यांशी करावी, आणि तीही उंचीचा आकडा शेजारी ठेवून. दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी उंची मोजावी. संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर खुजा होतो, म्हणून वेळ एकच असावी. आई-वडिलांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी साडेसहा सें.मी. मिळवा, मुलीसाठी वजा करा. अंतिम उंचीचा ढोबळ अंदाज येतो, आठ-नऊ सें.मी. इकडेतिकडे. या मुलाचे वडील १७०, आई १५५. म्हणजे तो १६९ च्या आसपास जाणार. अजून १३ सें.मी. बाकी!

रक्त तपासले. हिमोग्लोबिन १०.६ निघाले. या वयात ते १२ तरी हवे. वाढीच्या भरात लोहाची गरज वाढते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलची तपासणी चुकवू नये. याची नकारात्मक आली. वाहक असलेल्या मुलानेही खेळ सोडण्याचे सहसा कारण नाही. भरपूर पाणी, उन्हाच्या वेळी विश्रांती, सराव हळूहळू वाढवणे आणि अंग फार दुखू लागले की तत्काळ थांबणे, एवढे पथ्य पाळावे. आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच मैदानात उतरावे. मुलींचे हिमोग्लोबिन पाळी सुरू झाल्यावर हमखास पाहावे. 'आता मोठी झाली' म्हणून तिला घरी बसवणारे पालक मला केंद्रांपेक्षा जास्त भेटतात.

लोहाच्या गोळ्या, चणे-गूळ, पालेभाजी, अंडी आणि लांब स्टिक, एवढेच लिहून दिले. केंद्राला वेगळे पत्र लिहिले : उंचीचे तीन आकडे, हिमोग्लोबिन, आणि सहा महिने द्यावेत ही विनंती. त्यांचे उत्तर आले की डिसेंबरात पुन्हा चाचणी घेऊ.

दिवाळीत मुलगा स्वतःहून भिंतीशी उभा राहिला. १५९. हिमोग्लोबिन १२.१. ३० मीटरची वेळ अजून निवडीच्या वेळेइतकीच आहे, असे त्याने सांगितले. गुडघा मात्र दुखत नाही म्हणाला. डिसेंबरची चाचणी अजून व्हायची आहे.