मॉरिशसच्या किनाऱ्यावर आम्ही चौघी



आम्ही चौघी मैत्रिणी. चौघीही निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या, मुंबईत जुनी अकरावी पास होऊन इकडे आलेल्या. एलातला जाऊन जाऊन कंटाळा आला होता. गुडघे चालताहेत तोवर एकदा नारळाच्या झाडांचा, आपल्या अलिबाग-रेवदंड्यासारखा समुद्र पाहून घ्यावा असं मनात होतं. कुणी सेशेल्स म्हणालं, कुणी झांजिबार. शेवटी मॉरिशस ठरलं, कारण तिथं मराठी माणसं आहेत हे ठाऊक होतं. अडलं-नडलं तर निदान आपल्या भाषेत रडता तरी येईल, असा हिशेब! मुलांनी डोक्याला हात लावला, नातवंडांनी टाळ्या वाजवल्या, आणि 2023 सालच्या मे महिन्यात, पेसाह आटोपल्यावर, आम्ही निघालो.

आधी कामाचं सांगतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिथं हिवाळा, पण तो नावाचाच. पातळ स्वेटर पुरतो. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस, ते टाळावेत. मे महिना छान. पाऊस ओसरलेला असतो आणि पाणी अजून कोमट असतं. पुढे जून-जुलैत आग्नेयेकडून वारा सुटतो. तेव्हा पूर्वेच्या बेल मारसारख्या किनाऱ्यांवर वाळू उडून डोळ्यांत जाते. पश्चिमेचे किनारे डोंगरांच्या आडोशाला असल्यानं शांत असतात. आमच्या वयाच्या लोकांनी पश्चिमच धरावी. आम्ही फ्लिक-आं-फ्लाक या गावी स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घेतलं होतं. हॉटेलात काय शिजवलंय, कशात शिजवलंय ही कटकट नको. भांडी घरून नेली, तांदूळ-मसाला नेला, नारळ तिथं मुबलक. शब्बाथच्या मेणबत्त्याही बॅगेत होत्या.

पहिल्या दिवशी किनारा पाहिला आणि आम्ही गप्पच झालो. किनाऱ्याला सुरूची झाडं, अगदी किहीमसारखी! पण पाणी मात्र कोकणातलं नव्हे. आपलं पाणी गढूळ, लाटा अंगावर येणाऱ्या, आणि ओहोटी लागली की अलिबागला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जावं. इथं भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर. बेटाच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. खरा समुद्र त्या भिंतीवर फुटतो. लांबवर पांढरी रेघ दिसते आणि नुसता आवाज येतो. आत राहतं ते उथळ, स्वच्छ, निळं-हिरवं पाणी, तळ्यासारखं. प्रवाळाला गोडं पाणी आणि गाळ मानवत नाही, म्हणून नद्या मिळतात तिथं भिंतीला खिंडारं आहेत. अशा ठिकाणी ओढ असते, तिथं पोहू नये. दक्षिणेला ग्री-ग्री म्हणून जागा आहे, तिथं भिंतच नाही. लाटा सरळ काळ्या कड्यावर आपटतात. पाहायला जा, पाण्यात उतरू नका.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला फुटक्या गलबतातून लागले असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण आपल्या बायकांत पोहता येणाऱ्या किती? आम्हां चौघींत एक. बाकीच्या तिघी कमरेइतक्या पाण्यात खुर्चीत बसल्यासारख्या बसून राहिलो आणि तासन्‌तास गप्पा मारल्या.

नर्सची जात, म्हणून दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाण्यात अनवाणी जाऊ नका, रबरी बूट घाला. प्रवाळ कापतं, समुद्री साळूचे काटे पायात मोडतात, आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो, त्याच्या काट्याची वेदना भयंकर. असं काही झालंच तर बर्फ लावू नका. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, त्यानं कळ कमी होते, आणि मग दवाखाना गाठा. गरम पाणी आधी दुसऱ्यानं हात घालून पाहावं. साखरेच्या रोग्यांना पायाचं चटकन कळत नाही. आमच्यातल्या एकीनं बूट ‘पाय गुदमरतात’ म्हणून काढले आणि दुसऱ्याच दिवशी टाच कापून घेतली. नाव लिहू नका अशी तिची ताकीद आहे.

टाच कापली म्हणूनच टॅक्सी करावी लागली आणि त्यातून पुढचं सगळं घडलं. टॅक्सीवाला तरुण. आम्ही मागे बसून टाचेवरून भांडत होतो, तर पुढून आवाज आला, “मावशी, पट्टी घट्ट नको बांधू.” मराठी! आम्ही उडालोच. त्याचे पणजोबा रत्नागिरीकडचे, ऊसमळ्यावर काम करायला मुंबईहून जहाजानं आलेले. घरात आता क्रिओल भाषा चालते, पण मराठी तो शाळेत शिकला. तिथं शाळांतून मराठी शिकवतात आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे त्यानंच सांगितलं. फ्लिक-आं-फ्लाकजवळ कास्कावेल म्हणून गाव आहे, तिथं मराठी घरं आहेत. तो आम्हांला आपल्या आईकडे घेऊन गेला. तिनं डाळपुरी केली होती. हरभऱ्याची डाळ भरलेली मऊ पोळी, जणू गूळ विसरलेली पुरणपोळी, वर टोमॅटोची चटणी. चौघींनी मिळून किती खाल्ल्या ते सांगत नाही.

“बाई, तुम्ही कुठच्या?” आईनं विचारलं. मुंबईच्या, पण पन्नास वर्षं इस्रायलात, आम्ही बेने इस्राएल, यहूदी, असं सांगितल्यावर मुलगा एकदम म्हणाला, “मग तुमच्या लोकांची कबरस्तान इथं जवळच आहे. सेंट मार्टिनला. हायफाहून आणलेले लोक. बो बासाँच्या तुरुंगात होते.”

ऐकून आमच्यातल्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

1982 च्या सुमाराची गोष्ट. आम्ही दोघी दक्षिणेतल्या एका इस्पितळात रात्रपाळीला होतो. एक म्हातारी बाई होती, व्हिएन्नाची, न्यूमोनिया झालेला, अंगात ताप. आम्ही आपसांत मराठीत बोलत होतो ते ऐकून तिनं विचारलं, “तुम्ही मॉरिशसच्या का?” आम्ही हसलो. ती म्हणाली, “मी होते तिथं. तुरुंगात. माझा नवरा अजून तिथंच आहे.” हायफाची बाई मॉरिशसच्या तुरुंगात कशाला जाईल? नवरा तिथं काय करतो? आम्ही तिचा हात थोपटला, ‘हो, हो’ म्हटलं आणि कागदावर लिहिलं: रुग्ण गोंधळलेली, स्थळकाळाचं भान नाही. सकाळी पाळी बदलताना तसंच सांगितलंही. त्यावर तिला झोपेचं औषध सुरू झालं. पुढल्या आठवड्यात आमची पाळी दुसऱ्या वॉर्डात लागली. तिचं काय झालं, आम्ही विचारलं नाही.

ती अगदी शुद्धीवर होती, हे सेंट मार्टिनला कळलं. तिथल्या जुन्या चॅपेलात 2014 साली छोटं माहितीघर केलं आहे. व्हिएन्ना, प्राग, डान्झिग इथून नाझींच्या तावडीतून सुटलेली माणसं डॅन्यूब नदीनं आणि पुढे ‘अटलांटिक’ नावाच्या बोटीनं नोव्हेंबर 1940 मध्ये हायफाला पोचली. ब्रिटिशांनी त्यांना ठेवून घेतलं नाही. अतलितच्या छावणीतून उचलून सुमारे 1,580 जणांना दोन बोटींत घालून इकडे पाठवलं. 26 डिसेंबर 1940 ला ते पोर्ट लुई बंदरात उतरले. पुरुष बो बासाँच्या तुरुंगाच्या कोठड्यांत, बायका-मुलं शेजारी पत्र्याच्या झोपड्यांत. नवरा-बायको सुरुवातीला वेगवेगळे. त्यांतच टायफॉइड, मलेरिया. पुढे भेटी सुरू झाल्या, मुलंही जन्माला आली. ऑगस्ट 1945 मध्ये त्यांना हायफाला परत आणलं तेव्हा सव्वाशेच्या आसपास माणसं या मातीत मागे राहिली होती.

ओळीनं कबरी आहेत, वर नावं, मागेन दाविद. समोर ऊस, मागे डोंगर. समुद्रावर जाणारी गाड्यांची वर्दळ जवळच्याच रस्त्यानं चाललेली. आम्ही दोघी एकेक नाव वाचत निघालो. पण कुठलं नाव शोधायचं? तिचं आडनाव आठवेना. टाचेला टाके असलेली तिसरी आणि चौथी, दोघीही मागून वाचत होत्या, की कुठलं तरी नाव ऐकून आम्हांला आठवेल. नाही आठवलं. कद्दिशला दहा पुरुष लागतात, तिथं एक टॅक्सीवाला. मग आम्ही तेहिलीम म्हटलं आणि प्रत्येक कबरीवर खडा ठेवायचं ठरवलं. सगळ्याच कबरींवर. वाकून वाकून कंबरा धरल्या. खडे संपले तेव्हा तो मुलगा गाडी धुवायची बादली घेऊन रस्त्याकडेचे दगड वेचून आला, सह्याद्रीच्या दगडासारखे काळे. शेवटच्या ओळीत त्यानंही ठेवले. हे काय करतोय, असं त्यानं विचारलं नाही. फक्त आधी टोपी घालून आला.

त्या संध्याकाळी कुणी पाण्यात उतरलं नाही. सुरूखाली बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मात्र गेलो, बूट घालून. राहिलेले पाच दिवस समुद्र पुरेपूर घेतला. ल मॉर्नचा डोंगर पाहिला, ब्लू बेला काचेच्या तळाच्या होडीतून रंगीत मासे पाहिले, डाळपुरी रोज खाल्ली. घरी आल्यावर सुखरूप पोचल्याचा मलिदा केला.

वाचकहो, जरूर जा. फ्लिक-आं-फ्लाकहून पोर्ट लुईला जाताना सेंट मार्टिन वाटेवरच लागतं, तासभर काढा. टोपी आणि पाणी न्या, सावली कमी आहे. आणि तुमच्या शेजारात, ओळखीत, बो बासाँहून परतलेल्या कुणाचं घर असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्या दारी जा आणि तिथं राहिलेल्या माणसाचं नाव कागदावर नीट लिहून घ्या.