झरकावीची आई

मैत्रिणींनो, अबू मुसाब अल-झरकावी हे नाव बातम्यांत ऐकलं असेल. मला त्याच्या आईविषयी वाचून चुटपुट लागली. जॉर्डनमधल्या झरका गावात १९६६ साली जन्मलेला हा अहमद. शाळा अर्धवट सोडलेली, दारू, मारामाऱ्या, अंगावर गोंदण. पोरगं मार्गाला लागावं म्हणून आईनेच त्याला मशिदीतल्या धर्मवर्गाला घातलं. मंडळाच्या कामात अशा आया मी पुष्कळ पाहिल्यात. मुलगा वाया चाललाय म्हटलं की कुठल्याशा बुवाकडे धाडायचं. तिथे काय शिकवतात, कोण विचारतं?

१९८९ मध्ये तो अफगाणिस्तानात गेला. परतल्यावर शस्त्रं सापडली नि तुरुंगवास झाला. तिथेच तो कैद्यांचा म्होरक्या बनला. घरी मात्र आईला पत्रं लिहायचा! १९९९ मध्ये राजाच्या माफीने सुटला. २००३ मध्ये अमेरिकेने सद्दामशी नातं जोडून युनोत त्याचं नाव घेतलं आणि हा गल्लीतला गुंड जगभर मोठा झाला. मग इराकमध्ये स्फोटांमागून स्फोट.

आई २००४ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेली. पुढचं तिला पाहावं लागलं नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याच्या माणसांनी अम्मानच्या तीन हॉटेलांत स्फोट केले. साठच्या आसपास माणसं मेली. एका हॉटेलात लग्न होतं. नवरा-नवरी दोघांचेही वडील गेले. तेव्हा कुठे नातेवाइकांनी पेपरात जाहिरात देऊन त्याच्याशी संबंध तोडले. जून २००६ मध्ये अमेरिकी हवाई हल्ल्यात तो मारला गेला.